खांद्याला झेपेल तेवढीच

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीचा शनिवार उजाडायच्या आतच अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातली खेडी रिकामी होऊ लागतात. साडेपाच लाखांच्या आसपास माणसं डोळ्यांत खुपणारी नारिंगी जॅकेटं चढवून रानात, शेताच्या कडेला, झाडाला टेकवलेल्या शिडीच्या मचाणावर जाऊन बसतात. पुढचे नऊ दिवस रायफलीने हरीण मारायचा हंगाम. नारिंगीची सक्ती १९८० पासूनची. हरणाला तो रंग उठून दिसत नाही, माणसाला मात्र लांबूनही चुकत नाही. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. या गर्दीत बारा-चौदा वर्षांची पोरंही असतात, आणि त्यांच्या हातात कुठली रायफल द्यायची यावरची वादावादी सप्टेंबरपासूनच बंदुकीच्या दुकानांत आणि घरोघरच्या जेवणाच्या टेबलांवर रंगलेली असते.

वाद घालण्यात बाप पुढे. कपाटात त्याची स्वतःची .३०-०६ असते. हिला तिकडे ‘थर्टी-ऑट-सिक्स’ म्हणतात. १९०६ साली अमेरिकन सैन्याने घेतलेलं हे काडतूस दोन महायुद्धं लढलं आणि नंतर शिकाऱ्यांच्या घरात कायमचं मुक्कामाला आलं. ‘मी हिच्यावरच शिकलो, मग पोराला काय होतंय?’ हा बापाचा मुद्दा. दुकानदार जुना आणि जाणता असेल तर हरणाविषयी काहीच विचारत नाही. पोराचं वजन विचारतो. पोरगं सोबत आलं असेल तर त्याच्या हाताच्या लांबीकडे बघतो.

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार पचायला जड जाईल. हरीण म्हटलं की आपल्याला ताडोबाच्या रस्त्यावर मान वर करून उभं राहिलेलं चितळ आठवतं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याच्यावर बंदूक रोखणं म्हणजे तुरुंगाची वाट. अमेरिकेची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे काही लाखांवर आलं होतं. मग हंगाम ठरले, परवाने आले, मांस बाजारात विकायला बंदी झाली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. आज ही हरणं तीन कोटींच्या घरात आहेत. बऱ्याच भागांत त्यांना खाणारा लांडगा उरलेला नाही, मक्या-सोयाबीनची शेतं फस्त होतात, रात्रीच्या रस्त्यांवर गाड्या त्यांच्यावर आदळतात. शिकारी म्हातारे होत चाललेत, म्हणून राज्यंच नव्या पोरांना बोलावतात. विस्कॉन्सिनमध्ये ऑक्टोबरात १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी खास दोन दिवस असतात. त्या राज्याने २०१७ मध्ये किमान वयाची अटच काढून टाकली. प्रशिक्षण न झालेल्या नवख्याबरोबर जाणता माणूस हाताच्या अंतरावर हवा, एवढं बंधन मात्र आहे. पेनसिल्व्हेनियात तर कित्येक शाळा थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बंद असत, कारण हंगाम त्याच दिवशी उघडायचा आणि वर्गात कोणी फिरकायचंच नाही. २०१९ पासून हंगाम शनिवारी उघडू लागला.

याच देशात २०२० पासून लहान आणि किशोरवयीन मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, हेही इथेच सांगितलं पाहिजे. त्यातले बहुतेक मृत्यू शिकारीत होत नाहीत. पण कुलूप न लावलेलं कपाट शिकाऱ्याच्या घरातही असतं. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने दुकानदार अठराच्या आतल्या कुणाला रायफल विकू शकत नाही, तेव्हा ‘पोराची रायफल’ ही कागदोपत्री आईबापाचीच. मिशिगनने २०२४ पासून घरात अल्पवयीन मूल असेल तर बंदूक कुलुपात ठेवणं बंधनकारक केलं. कॅलिबरची चर्चा त्या कुलपाच्या किल्लीनंतर सुरू होते.

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीच्या आतला व्यास, किंवा त्यातून जाणाऱ्या गोळीची जाडी. .३० म्हणजे इंचाचे तीस शतांश. इतकं सरळ असतं तर दुकानदारांची डोकेदुखी निम्मी झाली असती. पण नावं ठेवणाऱ्यांनी मनाला येईल तशी ठेवली आहेत. .३०-३० मधले दुसरे तीस म्हणजे मूळच्या दारूचं ग्रेनमधलं वजन (साडेपंधरा ग्रेन म्हणजे जवळपास एक ग्राम). .३०-०६ मधला शून्य-सहा हा सालाचा आकडा. ७ एमएम-०८ मध्ये गोळी मिलिमीटरमध्ये, आणि मागचा आठ म्हणजे .३०८ नावाच्या काडतुसाच्या पुंगळीची आठवण. हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. म्हणून जाणकार नुसता व्यास न बघता तीन गोष्टी विचारतात: गोळी किती जड, किती वेगाने जाते, आणि मागे किती धक्का देते.

पोराच्या बाबतीत तिसरा प्रश्न पहिला.

एनसीसीच्या कॅम्पात ज्यांनी .२२ रायफल चालवली आहे त्यांना धक्का असा जाणवलेलाच नसतो. फट् असा आवाज आणि खांद्याला हलका स्पर्श. कोल्हापूरकर स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरवर कांस्यपदक मिळवलं ते याच व्यासाच्या रायफलीने. हरणासाठी ती गोळी फारच दुबळी, आणि बहुतेक राज्यांत बेकायदा. हरणाच्या काडतुसात दारू कितीतरी पट जास्त असते, आणि गोळीला पुढे जितका रेटा मिळतो तितकाच रायफलीला मागे. हा धक्का फूट-पाउंडात मोजतात. एक पाउंड वजन एक फूट उचलायला लागते तेवढी ऊर्जा म्हणजे एक फूट-पाउंड. बापाची .३०-०६, साडेतीन किलोच्या आसपासची, जड गोळी घातली की वीस फूट-पाउंडांनी खांद्यावर येते. नऊ किलोंची धान्याची पिशवी फूटभर उंचीवरून सोडली तर तेवढी ऊर्जा होते, फक्त इथे ती डोळ्याची पापणी लवायच्या आत येते. .३०० विंचेस्टर मॅग्नम पंचवीसच्या पुढे जाते. .२४३ विंचेस्टर नऊवर थांबते. शिकवणारे लोक नवख्यासाठी पंधराच्या आसपास रेघ ओढतात, सडपातळ मुलांसाठी त्याहून खाली.

दुखणं हा त्यातला छोटा भाग. खांद्यावरचा निळा डाग आठवड्यात जातो, पण डोक्यात बसलेली भीती जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बारानंतर पोरगं चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतं, खांदा आखडतं, चापाला हिसका देतं. नळी त्या हिसक्यात बोटभर जरी सरकली तरी शंभर यार्डांवर गोळी फुटाफुटाने भलतीकडे जाते. गंमत म्हणजे पोराला ते कळत नाही, कारण बाराच्या धक्क्यात सगळंच हललेलं असतं. म्हणून प्रशिक्षक एक युक्ती करतात. पोराच्या नकळत खऱ्या काडतुसांमध्ये एखादं रिकामं, दारू नसलेलं मिसळतात. चाप ओढला, ‘टिक्’ झालं, बार काही उडाला नाही, आणि तरीही नळीने खाली मुंडी घातली, की चोर सापडला. मग पुन्हा .२२ वर यायचं, काही आठवडे तिथेच राहायचं.

आणि हरणाला चुकीच्या जागी लागलेली गोळी म्हणजे जखमी जनावर मैलभर रक्त सांडत जाणार, रात्रभर शोधाशोध, आणि कित्येकदा ते न सापडणं. काळीज-फुप्फुसांचा भाग हरणाच्या पुढच्या पायामागे जेमतेम वीस सेंटिमीटरचा असतो, जेवायच्या कागदी प्लेटपेक्षाही किंचित लहान. सरावाला लोक तीच प्लेट झाडाला लावतात. पोरगं बसून, गुडघ्यावर, काठीचा आधार घेऊन ज्या अंतरावरून प्रत्येक गोळी तिच्यात घालतं, ते त्याचं शिकारीचं अंतर. दाट रानात ते शंभर यार्डांपुढे जायची गरजही सहसा पडत नाही.

धक्का कमी पण ताकद पुरेशी, या कोड्याला सर्वांत जास्त दिलं गेलेलं उत्तर म्हणजे .२४३ विंचेस्टर, आणि त्याच्या जन्माची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९५५ मध्ये विंचेस्टर कंपनीने आपल्याच .३०८ च्या पुंगळीचं तोंड आवळून त्यात बारीक गोळी बसवली. त्याच वर्षी रेमिंग्टनने .२४४ नावाचं काडतूस काढलं. गोळीचा व्यास तोच, ताकद थोडी वरचढच. पण फरक पडला तो नळीतल्या आट्यांत. गोळीला गरगर फिरवणारे हे आटे विंचेस्टरने दहा इंचांत एक फेरा पूर्ण होईल असे पाडले, रेमिंग्टनने बारा इंचांत. बारा इंचांचे आटे हलक्या गोळ्यांना पुरतात, शंभर ग्रेनची लांबोडकी गोळी त्यात नीट स्थिरावत नाही. रेमिंग्टनला वाटलं लोक हे काडतूस कोल्ह्या-घुशींसाठी घेतील. लोकांना तर एकाच रायफलीत उन्हाळ्यात घुशी आणि थंडीत हरीण हवं होतं. शंभर ग्रेन फेकणारी विंचेस्टर उचलली गेली. रेमिंग्टनने १९६३ मध्ये आटे बदलले, नावही ६ एमएम रेमिंग्टन असं केलं, पण तोवर गाडी सुटली होती.

शंभर ग्रेनची ही गोळी सेकंदाला नऊशे मीटरने निघते तेव्हा तिच्यात एकोणीसशेच्या वर फूट-पाउंड असतात. हरणाला लागताना हजार तरी असावेत, हा शिकाऱ्यांचा जुना ठोकताळा; .२४३ तो तीनशे यार्डांपर्यंत पाळते. कोलोरॅडोने तर हा ठोकताळा कायद्यातच घातला: हरणासाठी .२४ च्या खालचा व्यास नको, गोळी किमान सत्तर ग्रेनची हवी आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पाउंड हवेत. ब्रिटनमध्ये, इंग्लंड आणि वेल्सात मोठ्या हरणांसाठी .२४० इंच आणि नळीच्या तोंडाशी सतराशे. टेक्साससारखी राज्यं मात्र कुठलंही सेंटर-फायर काडतूस चालवून घेतात, म्हणून तिथे .२२३ ने हरीण मारणारी पोरंही दिसतात. धक्का नाहीसाच, हे खरं. पण तिची नेहमीची पंचावन्न ग्रेनची गोळी शंभर यार्डांच्या आधीच हजाराखाली उतरते. मुरलेल्या शिकाऱ्याला ते जमतं, कारण जनावर आडवं उभं राहीपर्यंत थांबायचा धीर त्याच्याकडे असतो. पहिलं हरीण बघून ज्याचे हात थरथरताहेत त्याच्याकडे तो कुठून येणार?

.२४३ लाही एक खोट आहे, आणि ती दुकानाच्या फळीवरच असते. तिच्या डब्यांत पंचावन्न-अठ्ठावन्न ग्रेनच्या गोळ्याही मिळतात. त्या लहान जनावरांसाठी, लागताक्षणी भुगा होणाऱ्या. हरणाच्या खांद्यावर त्या वरच्यावर फुटतात आणि आत पोचतच नाहीत. ‘.२४३ ने हरीण पडत नाही’ म्हणणाऱ्या तक्रारखोरांपैकी कितीजणांनी हाच डबा उचलला असेल कुणास ठाऊक. नव्वद ते शंभर ग्रेनची, हरणासाठी म्हणून बनवलेली गोळी घ्यायची, बाकीचे डबे जागच्या जागी राहू द्यायचे.

पोरगं थोडं भरलेलं असेल, पुढे याच रायफलीने मोठं जनावरही मारायचं असेल, तर एक पायरी वर जाता येतं. ६.५ क्रीडमूर हे २००७ मध्ये हॉर्नडी कंपनीने मुळात लांबच्या चांदमारीसाठी आणलेलं काडतूस. नाव न्यूयॉर्कजवळच्या एकोणिसाव्या शतकातल्या प्रसिद्ध चांदमारी मैदानावरून घेतलेलं. त्याचा धक्का अकरा-बारा. ७ एमएम-०८ हे १९८० चं, धक्का त्याहून किंचित जास्त. हे दुसरं आपल्या वाचकाला अनोळखी वाटायचं कारण नाही. ताकदीने ते १८९२ च्या ७ × ५७ माउझरचं जवळजवळ जुळं भावंड, आणि त्या माउझरचं इंग्रजी नाव .२७५ रिग्बी. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेटला जी रायफल भेट मिळाली ती हीच, आणि रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याला त्याने १९२६ मध्ये टिपलं तेही हिनेच. अमेरिकेत जॅक ओ’कॉनर नावाचा शिकारलेखक आयुष्यभर .२७० चे गोडवे गात राहिला. त्याची बायको एलिनोर मात्र ७ × ५७ घेऊन निघायची, आणि नेमाला ती नवऱ्याला हार जाणारी नव्हती. धक्का सोसेल तेवढीच रायफल दोघांनीही निवडली.

घरात आजोबांची .३०-३० असेल तर? १८९५ पासूनचं काडतूस, खटका खालीवर करून भरायची रायफल, धक्का अकराच्या आसपास. दीडशे यार्डांपर्यंत तिला नावं ठेवायला जागा नाही. अडचण आहे ती बाहेर आलेल्या घोड्याची. भरलेल्या रायफलीचा घोडा अंगठ्याने सावकाश खाली आणावा लागतो, आणि गारठलेल्या लहान बोटांतून तो सटकला तर बार उडतो. जुन्या रायफलींच्या दस्त्याला मागे रबराऐवजी लोखंडी पट्टी असते, तीही आकड्यात न दिसणारा धक्का देते. रबरी गादी बसवून घेतली की निम्मं काम होतं. बापाच्या .३०-०६ लाही एक पळवाट आहे. कमी दारूची, जवळपास निम्म्या धक्क्याची काडतुसं तयार मिळतात. पोरगं वाढलं की नेहमीची घालायची.

काही ठिकाणी निवड कायदाच करून टाकतो. ओहायोत आणि मिशिगनच्या दक्षिण भागात, जिथे जमीन सपाट आणि घरं जवळजवळ आहेत, तिथे लांब पल्ल्याची आवळलेल्या तोंडाची काडतुसं हरणाला चालत नव्हती. पूर्वी तिथे पोरांच्या हाती थेट शॉटगन यायची, जिची एकसंध शिशाची गोळी मोठ्या माणसालाही मागे ढकलते. २०१४ पासून दोन्हीकडे सरळ भिंतींच्या पुंगळ्यांना परवानगी मिळाली, आणि २०१९ मध्ये विंचेस्टरने नेमकी त्याच नियमात बसणारी .३५० लेजंड आणली. धक्का .२४३ च्या जवळपास, पल्ला दीड-दोनशे यार्ड. ओहायोतल्या पोरासाठी वर सांगितलेलं अर्धं पुराण त्यामुळे गैरलागू ठरतं.

टेक्सासमध्ये तर चितळच भेटतं. १९३२ च्या सुमारास तिथे सोडलेली ही भारतीय हरणं हिल कंट्रीच्या ओक-झुडपांत इतकी रुळली की राज्य त्यांना परकी म्हणतं आणि वर्षाचे बारा महिने मारायला मुभा देतं. सॅन अँटोनिओहून उत्तरेला निघालेल्या मराठी कुटुंबाला रस्त्याकडेला तो ठिपक्यांचा कळप दिसतो तेव्हा गाडीत क्षणभर ताडोबा येतं. शेजारच्या गाडीतल्या पोराच्या मांडीवर त्याच कळपासाठीची .२४३ ची शंभर ग्रेनची डबी असू शकते.

काउंटरवर कॅलिबर ठरलं तरी जाणता दुकानदार रायफल लगेच हाती देत नाही. दस्त्याची मागची कड ते चाप हे अंतर मोठ्यांच्या रायफलीत साडेतेरा इंचांच्या वर असतं, मुलांच्या रायफलीत साडेबाराच्या आसपास. लांब दस्त्याची रायफल पोरगं खांद्यावर न ठेवता दंडावर टेकवतं, मान ताणून दुर्बिणीत बघतं, आणि मग मागे आलेली दुर्बीण भुवईवर अर्धचंद्र कोरते. उलट मुलांच्या रायफली मुद्दाम हलक्या बनवतात, आणि रायफल जितकी हलकी तितका तोच बार जोरात लागतो. पोराला उचलायला सोपी तीच झेलायला अवघड. कोणता डोळा प्रबळ आहे हेही बघून घ्यावं लागतं, कारण उजव्या हाताच्या पण डाव्या डोळ्याच्या मुलाला नेमकी कोणती अडचण येते आहे ते स्वतः सांगता येत नाही. नळीच्या टोकाला भोकांचं टोपण लावून धक्का कमी करता येतो, पण आवाज वाढतो, आणि रायफलीचा आवाज मुळातच १६० डेसिबलच्या आसपास असतो. १४० च्या पुढचा एक बारही कानाला कायमची इजा करू शकतो. पोराला भेदरवण्यात आवाजाचा वाटा धक्क्याइतकाच असतो. बापाच्या पिढीने कानात काही न घालता शिकार केली, आणि तिच्याशी आज मोठ्याने बोलावं लागतं. म्हणून पहिली खरेदी कानांवरच्या टोप्यांची. हळू आवाज ऐकू देणाऱ्या आणि बार झाला की बंद होणाऱ्या टोप्या मिळतात, मचाणावर पानांची सळसळही त्यांतून ऐकू येते.

दस्ता लवकर तोकडा पडतो. दोन हंगामांत पोरगं बापाच्या कानाला लागतं, आणि दुकानातून बोटभर जाडीची चकती आणून दस्त्यामागे स्क्रूने बसवावी लागते. पुढल्या वर्षी दुसरी. त्यानंतर पोरगं .३०-०६ मागतं, आणि ती त्याला मिळते. छोटी .२४३ विकायची म्हणून बाप सरावाच्या मैदानावर एकदा शेवटची चालवून बघतो, कागदी प्लेटमधली गोळ्यांची भोकं मोजतो, आणि नोव्हेंबरात तीच घेऊन मचाणावर चढतो.